वहीतली पहिली ओळ

सणाच्या खर्चाची आमच्या घरात एक वही आहे. लांबट, जाड पुठ्ठ्याची, मागची शिवण उसवलेली. लग्नानंतरच्या पहिल्या सणापासून दर वर्षाचं एक पान. डावीकडे खर्चाचं नाव, मधल्या रकान्यात ठरवलेला आकडा, उजवीकडे प्रत्यक्षात गेलेला. सहा-सात वर्षांपूर्वी एकदा, मागच्या खेपेला प्रवासाला किती लागले होते हे बघायला मी ती काढली आणि पानं चाळता चाळता हात थांबला. जवळजवळ प्रत्येक पानाच्या तळाशी, अगदी शेवटच्या ओळीत, एकच शब्द होता : ‘देणगी’. त्याच्या पुढचा रकाना बहुतेक पानांवर कोरा. दोन ठिकाणी ‘बघू’ लिहिलेलं. एका पानावर आकडा होता, पण त्यावर आडवी रेघ मारून वर बारीक अक्षरात ‘वॉशिंग मशीन’ लिहिलं होतं. अक्षर माझंच.

फार लागलं मला ते. आम्ही दोघंही स्वतःला देणाऱ्यांतले समजत होतो. दारात आलेल्याला कधी रिकाम्या हाताने पाठवलं नव्हतं. ऑफिसात कुणाच्या आजारपणासाठी पैसे जमा होत असले तर यादीत आमचं नाव असायचंच. आणि तरीही वर्षातला सगळ्यात जास्त पैसा ज्या महिन्यात आमच्या हातून जात होता, त्याच महिन्यात देण्याच्या ओळीला काही मिळत नव्हतं. कारण उघड होतं. ती ओळ शेवटी होती. कपडे, प्रवास, पाहुणे, भेटवस्तू, घराची डागडुजी हे सगळं झाल्यावर उरलं तर द्यायचं. सणाच्या महिन्यात कुणाकडे काय उरतं?

नेमकी तेव्हाच मला मावशीची वही आठवली. ती गोष्ट आधी सांगायला हवी.

लेक लहान असताना नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीच बंद पडली, शेवटच्या तीन महिन्यांचा पगारही अडकला. त्या वर्षीचं आमच्या वहीतलं पान जेमतेम पाच ओळींचं आहे. सणाच्या आठवडाभर आधी मावशी आली, पाणी प्यायली, लेकीशी खेळली आणि निघताना माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. ‘सणाचं आहे, ठेव,’ एवढंच म्हणाली आणि जिना उतरायला लागली. आत लेकीची पूर्ण सहामाहीची फी निघेल इतके पैसे होते. फी भरायची राहिली आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. मी फोन केला तर तिने विषयच बदलला.

पुढे बऱ्याच वर्षांनी तिचे डोळे अधू झाले. तिचे कागद लावून द्यायला मी जायचे, तेव्हा तिच्या जुन्या हिशेबाच्या वह्या हाताला लागल्या. त्या वर्षीचं पान मी मुद्दाम शोधलं. सणाच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं ‘द्यायचे’, पुढे आकडा, निळ्या शाईत. आणि आकड्यापुढे माझं घरातलं लाडाचं नाव, काळ्या शाईत. पेन वेगळं, अक्षरही थोडं घाईचं. बाकीची यादी मात्र सगळी निळ्यातच होती. म्हणजे आकडा आधी लिहिला गेला होता आणि नाव नंतर कधीतरी पडलं होतं. मी तिला विचारलं तर म्हणाली, ‘अगं, यादी करताना नाव कुणाचं ते कुठे माहीत असतं? पैसे तेवढे बाजूला काढून ठेवायचे. मग सांगायला कुणी येत नाही, आपल्यालाच दिसतं.’

आपल्याकडे ‘देणं’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. हातातली वस्तू दुसऱ्याला देणं हा एक. ‘दुकानदाराचं देणं राहिलंय’ यातला दुसरा. पहिलं मनात आलं तर करायचं, दुसरं चुकवायचं नसतं. ‘समाजाचं देणं लागतो’ हे वाक्य भाषणांत इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यातला शब्द कानाला जाणवतच नाही. मावशीच्या वहीतली ती ओळ बघताना मात्र तो जाणवला. ती रक्कम तिच्या लेखी बाकीच्या खर्चासारखीच ठरलेली होती. मला ती मिळाली, कारण माझी अडचण कळायच्या आधीच तिने ती स्वतःच्या खर्चातून वजा केली होती.

१२व्या शतकातले ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात खालची पायरी नाखुशीने देणाऱ्याची. सगळ्यात वरची, समोरच्याला काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन स्वतःच्या पायावर उभं करणाऱ्याची, म्हणजे त्याला पुन्हा मागावंच लागू नये. मला यातल्या मधल्या दोन पायऱ्या जास्त विचार करायला लावतात. मागितल्यावर देणं खालच्या पायरीवर आहे आणि मागायच्या आधी देणं तिच्या वर. मागायला लागणं किती जड असतं हे आमच्या त्या पाच ओळींच्या वर्षात मला पुरेपूर कळलं होतं. मावशीने मला ते करायला लावलं नाही.

तर त्या वर्षी आम्ही ती ओळ पानाच्या वर नेली. एवढंच केलं, पण त्यावरून घरात दोन संध्याकाळी चर्चा झाली.

पहिला प्रश्न, या ओळीत काय काय मोजायचं. नवरा म्हणाला, घरकामाला येणाऱ्या ताईंना सणाला जे जास्तीचे पैसे देतो ते यात धरू. मी नको म्हटलं आणि अजूनही त्याच मताची आहे. वर्षभर आपलं घर ज्यांच्या हातावर चालतं त्यांना सणाला जास्तीचे पैसे देणं हा त्यांच्या मेहनतीचा भाग आहे. त्याला दान म्हणणं त्यांच्यावर अन्याय आहे. त्या खर्चाची वेगळी ओळ झाली, आणि आकडाही आधीपेक्षा वाढला. मग विषय निघाला कपाट आवरताना निघणाऱ्या कपड्यांचा. दर सणाला आम्ही गाठोडं बांधून देतो, तेही देणंच की. मला तेही पटलं नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून पोचलेल्या वापरलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. ज्यांचं सगळं वाहून गेलं होतं त्यांना अनोळखी माणसांचे जुने कपडे नको होते. आपल्याला नको झालेली वस्तू दुसऱ्याला हवीच असेल असं आपण फार सहज धरून चालतो. कपडे जरूर द्यावेत, धुऊन, बटणं लावून, कुणी मागितले तर. पण त्यामुळे आपली ओळ भरली असं मानू नये.

अडचणीतल्या नातेवाइकाला केलेली मदत मात्र आम्ही त्यात धरायचं ठरवलं. मावशीने मला दिलं तेच मुळी ते होतं.

दुसरा प्रश्न, किती. इथे मी आकड्याऐवजी हिस्सा ठरवायचा आग्रह धरला. अनेक धर्मांनी हेच केलेलं दिसतं. शीख परंपरेत दसवंध म्हणजे कमाईचा दहावा भाग, ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांतही दशांश, इस्लाममध्ये ठरलेल्या मर्यादेवरची संपत्ती वर्षभर जवळ राहिली तर तिच्यावर २.५ टक्के, म्हणजे चाळिसावा भाग, जकात. गरीब असो की श्रीमंत, प्रमाण तेच, त्यामुळे कुणी आकड्याच्या मोठेपणाने मिरवायचं कारण नाही आणि कुणी लहान आकड्याने ओशाळायचंही नाही. आम्ही सणाच्या एकूण खर्चाच्या विसाव्या भागापासून सुरुवात केली आणि तीन वर्षांत दहाव्या भागावर आलो. हिस्सा ठेवल्याचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. खरेदीचा आकडा वाढवायचा म्हटलं की वरची ओळही वाढवावी लागते. म्हणजे एखादी महागडी गोष्ट घेताना तिच्या किमतीचा दहावा भाग आणखी बाजूला काढायची तयारी आहे का, हे विचारावं लागतं. दोनदा आम्ही त्या प्रश्नावर थांबलो आणि ती वस्तू घेतली नाही. एकदा घेतली आणि दहावा भागही दिला.

ही जागा करायची म्हणजे कुठून तरी काढावं लागणारच. आमच्या वहीत सगळ्यात फुगलेली ओळ भेटवस्तूंची होती, त्यातही मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांना द्यायच्या. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना विचारून याचा हिशेब केला होता : सणाला मिळालेल्या वस्तूसाठी तुम्ही स्वतः किती मोजले असते? भावनेची किंमत बाजूला ठेवली तर देणाऱ्याने खर्च केलेल्या पैशातला दहावा ते तिसरा हिस्सा असाच विरून जातो असा त्यांचा निष्कर्ष निघाला. मित्रांनी किंवा जोडीदाराने दिलेलं बऱ्यापैकी जुळलेलं असतं, लांबच्या किंवा मोठ्या वयाच्या नातेवाइकांनी दिलेलं कमी. आमच्या माळ्यावरची न उघडलेली खोकी बघितली तरी हे कळलं असतं. म्हणून आम्ही सगळ्या मोठ्या नातेवाइकांना कळवलं की यंदापासून मोठ्यांनी एकमेकांना वस्तू देणं बंद करू या, लहानांचं चालू ठेवू, आणि वाचलेले पैसे ज्याने त्याने आपल्याला वाटेल तिथे द्यावेत.

बहुतेकांना सुटल्यासारखं वाटलं, हे त्यांनी नंतर सांगितलंही. आत्याला मात्र फार वाईट वाटलं. नवऱ्याची ही आत्या एकटी राहते. वर्षभर दुकानातून जाता-येता कुणासाठी काय घ्यायचं हे मनात धरते, आणि सणाच्या दोन महिने आधी तिच्या पलंगाखाली नावं लिहिलेल्या पिशव्या तयार असतात. फोनवर ती म्हणाली, ‘तू तुझ्या लोकांना दे गं, पण माझं देणं का बंद करतेस?’ मला उत्तर सुचलं नाही. कागदावर जो ‘वाया जाणारा’ हिस्सा होता त्यात तिचं वर्षभर आपल्या माणसांची आठवण काढणं होतं आणि त्याचा हिशेब मी केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले, माझ्या नावाची पिशवी मागून घेतली आणि तिच्यासाठी आणलेलं दिलं. तेव्हापासून आत्या त्या नियमातून वगळलेली आहे. घरातल्या माणसाचा आनंद हिरावून बाहेरच्याला देण्यात मला पुण्य दिसत नाही. जी भेट फक्त ‘त्यांनी दिलं, म्हणून आपल्यालाही द्यायला हवं’ एवढ्यासाठी जाते, तीच काढावी. तेवढ्याने पुरेशी जागा झाली.

आता त्या आडव्या रेघेबद्दल. वॉशिंग मशीन सणाच्या तोंडावर बंद पडलं आणि घरात सगळ्यांच्या मनात एकाच वेळी आलं, की ते देणगीचे ठेवले आहेत ना. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी, ज्यांना पुढे २०१७ चं नोबेल मिळालं, १९९९ च्या एका लेखात आपल्या एका जुन्या सहकाऱ्याची युक्ती सांगितली आहे. हे गृहस्थ वर्षाच्या सुरुवातीला देणगीची रक्कम ठरवत. मग वर्षभरात जो काही अनपेक्षित भुर्दंड बसेल, गाडी वेगात चालवल्याचा दंड वगैरे, तो त्या रकमेतून वजा करत. त्यामुळे दंडाचं दुःख होत नसे. थेलर यांनी हे उदाहरण माणूस मनातल्या मनात पैशाचे कप्पे कसे करतो हे दाखवायला दिलं आहे. मी ते वाचलं तेव्हा मला दुसरी बाजू दिसली. तो दंड शेवटी भरला कुणी? ज्याला ती देणगी मिळायची होती त्याने. त्याला ते कधी कळणारही नाही, आणि तक्रार करायला तो येणारही नाही. आमच्या मशीनची दुरुस्तीही अशाच कुणीतरी केली होती.

यावर उपाय एकच सापडला. पैसे घरात, किंवा आपल्या हाताशी असलेल्या खात्यात, ठेवायचेच नाहीत. यादी ठरली त्याच दिवशी, पहिल्या खरेदीच्याही आधी, ते पाठवून द्यायचे किंवा हाताशी नसलेल्या वेगळ्या खात्यात टाकायचे. २०१२ पासून न्यूयॉर्कमधून सुरू झालेला ‘गिव्हिंग ट्यूझडे’ आता कितीतरी देशांत पाळला जातो. मोठ्या सवलतींचे खरेदीचे दिवस संपले की लगेच येणारा हा देण्याचा मंगळवार. कल्पना चांगलीच आहे, त्या निमित्ताने अनेकांनी पहिल्यांदा दिलं असेल. पण माझ्या घरापुरतं मला वाटतं, तो मंगळवार खरेदीच्या आधीच्या आठवड्यात यायला हवा.

कुणाला द्यायचं, हा भाग सगळ्यात अवघड आणि याचं नीट उत्तर आमच्याकडे अजूनही नाही. सणाच्या दिवसांत फोनवर आवाहनांची रांग लागते. प्रत्येकात एक फोटो, एक नाव, एक मूल. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी लोकांसमोर मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट ठेवली, आणि दुसऱ्या गटासमोर लाखो भुकेल्या माणसांचे आकडे. रोकियासाठी लोकांनी दुपटीहून जास्त दिलं. तिसऱ्या गटाला रोकियाची गोष्टही सांगितली आणि आकडेही दिले, तर तिलाच मिळणारे पैसे कमी झाले. आकडा समोर आला की मन आखडतं. हे वाचून मला माणसांविषयी निराशा वाटली नाही, कारण चेहरा बघून आत काही हललं नाही तर देणं सुरूच होणार नाही. पण ज्या कामाला चेहरा नसतो त्याचं काय, हा प्रश्न मनात राहिला.

त्याचं उत्तर मला एका लहान संस्थेत हिशेब बघणाऱ्या बाईंनी दिलं. पैसे पाठवायच्या आधी मी फोन करून विचारलं होतं, तुम्हाला नेमकं काय हवं आहे. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘खरं सांगू का? सणाच्या पंधरा दिवसांत आमच्याकडे मिठाई आणि खाऊ ठेवायला जागा पुरत नाही. मुलांना पोटदुखी होते. लाइटचं बिल, गाडीचं डिझेल आणि शिकवायला येणाऱ्या ताईंचा पगार यासाठी कुणी देत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही.’ मी विचारलं, बिलापुरते दरमहा थोडेथोडे पाठवले तर चालेल का? त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘चालेल? अहो, दर महिन्याला येणार हे माहीत असलं की आम्ही माणूस कामावर ठेवू शकतो.’

तेव्हापासून वरच्या ओळीतल्या रकमेच्या तीन भागांपैकी दोन तिकडे जातात, बारा हप्त्यांत, कशासाठी वापरायचे याची अट न घालता. संस्था निवडताना मी वार्षिक अहवाल, तपासलेले हिशेब आणि पावती बघते आणि शक्य असलं तर एकदा जाऊन येते. ‘कार्यालयीन खर्च किती टक्के’ एवढ्या एकाच आकड्यावर काट मारत नाही. हिशेब नीट ठेवायलाही माणूस लागतो आणि त्या माणसालाही घर असतं. उरलेला तिसरा भाग मोकळा असतो. तो आत्ताच कुणाला पाठवत नाही. तो वेगळ्या खात्यात जातो, ज्याचं कार्ड आम्ही घेतलेलं नाही.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की हातात बरे पैसे आले म्हणून हे सुचतंय. तसं थोडं आहेही. व्याजाचं कर्ज डोक्यावर असेल तर आधी ते फेडावं, असंच मी कुणालाही सांगेन. उसने काढून दान करण्यात अर्थ नाही, त्याने उद्या आपणच कुणाच्या तरी दारात उभे राहू. पण ओळ पानावर असू द्यावी, वरच असू द्यावी, पुढे अगदी नगण्य आकडा असला तरी चालेल. आपल्याकडे ऐपत आणि दानत असे दोन वेगळे शब्द आहेत. ऐपत वर-खाली होत राहते, तिच्यावर आपली सत्ता फारशी चालत नाही. दानत मात्र सवयीची असते. पाच ओळींच्या त्या वर्षी मी सहावी ओळ लिहिली असती, नुसती लिहिली असती, तर पुढची सगळी वर्षं ती तळाशी कोरी राहिली नसती असं मला आता वाटतं.

मावशी गेली त्याला दोन वर्षं झाली. तिच्या वह्या माझ्याकडे आहेत. त्या निळ्या-काळ्या शाईच्या पानासारखी आणखी कितीतरी पानं त्यांत आहेत. काही नावं ओळखीची, काही अजिबात माहीत नसलेली. एका वर्षी नावाच्या जागी फक्त ‘बसमधली मुलगी’ असं आहे. कोण ती, काय झालं होतं, आता सांगणारं कुणी नाही.

गेल्या रविवारी यंदाचं पान मांडायला बसलो. लेक आता कॉलेजात आहे, अक्षर तिचं चांगलं म्हणून वही तिच्याकडे. तिने तारीख घातली, रकाने आखले, पहिली ओळ लिहिली, दोन भागांपुढे संस्थेचं नाव घातलं आणि पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं.

‘आई, तिसऱ्या भागापुढे कुणाचं नाव लिहू?’

‘ते आत्ता कोरंच ठेव,’ मी म्हटलं. तिने आकडा लिहिला आणि पुढे बोटभर जागा सोडून दुसरी ओळ सुरू केली.